पात्र आहात, अर्ज करा

खोक्यावर ३२०० लिहिलं होतं. खोकं अजून माळ्यावर आहे. आमच्याकडे मिक्सरचं, टीव्हीचं आणि केव्हाच भंगारात गेलेल्या इस्त्रीचंही खोकं आहे, कारण ‘वॉरंटीला लागतं’. तेव्हा पुरावा हाताशी आहे. काळं खोकं, त्यावर झेप घेणारा कसलासा प्राणी आणि लाल, तिरका, आत्ता पळत सुटेल असा आकडा : ३२००.

मध्यंतरी भाचा आला. चहा येईपर्यंत हाताला चाळा म्हणून त्याने माझ्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबली, ‘परफॉर्मन्स’च्या पानावर गेला, ‘मेमरी’वर टिचकी मारली आणि एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर करतात तो चेहरा केला.

“मामा, तुझी रॅम २१३३वर चालतेय.”

“बरं, मग?”

“३२००ची घेतली होतीस ना?”

“अर्थात. खोकं आहे.”

“मग खोकंच ३२००वर चालत असेल.”

चार वर्षं झाली हा कॉम्प्युटर घेऊन. ३२००मधून २१३३ गेले, उरले १०६७. तिसरा हिस्सा! तीन किलो तूरडाळीचे पैसे मोजून दोन किलो घरी आणायची आणि चार वर्षं ‘वरण झकास झालंय’ म्हणत बोटं चाटायची, असला हा प्रकार. बरं, चोरी म्हणावी तर चोर सापडेना. डाळ घरातच होती. डब्याला दोन झाकणं होती आणि दुसरंही उघडायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

*

लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानातून यंत्र जुळवून आणलं, तिथे फोन लावला.

“सर, पीसी चालू होतोय ना?”

“होतोय.”

“हँग होतो?”

“नाही.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

गिऱ्हाइकाला गप्प करणारं याहून नेमकं वाक्य अजून बाजारात आलेलं नाही. लिफ्ट वर जाते ना? मग दुसऱ्या मजल्यावर थांबत नाही म्हणून कसली तक्रार? तरी चिकाटीने मी ३२००चा विषय काढला.

“हां, एक्सएमपी ऑन केलं नसेल.”

“पीसी तुम्हीच जोडून दिला होता.”

“ते कस्टमरने करायचं असतं, सर.”

“कस्टमरला कसं कळणार?”

“कस्टमरने विचारायचं असतं.”

इथे माझी ट्यूब पेटली. हे सगळं कुठेतरी पाहिलेलं होतं. ही तर योजना! योजना मंजूर आहे, तरतूद झालेली आहे, आपण पात्रही आहोत. फक्त अर्ज करायला हवा. अर्ज करावा लागतो ही माहिती अर्जासोबत जोडलेल्या सूचनांमध्ये दिलेली असते. आणि ज्याने अर्ज केला नाही त्याच्याबद्दल कार्यालयाची समजूत अशी, की त्याला गरज नसावी.

खोक्यावरचा आकडा हा असाच लाभ आहे. पैसे भरताना तो मिळत नाही. भरलेल्या पैशांत मिळते ती मागण्याची पात्रता. मागितला, सगळ्या टेबलांवरून सही झाली आणि कुणाची हरकत निघाली नाही, तर वेग आपला.

*

अर्ज करावाच का लागतो, ते ऐका.

रॅमच्या पट्टीवर एक चिमुकली चिप असते. तिचं नाव एसपीडी. डीडीआर४च्या पट्टीवर तिच्यात ५१२ बाइट मावतात; हाच परिच्छेद तिच्यात उतरवायला घेतला, तर दोनचार वाक्यांतच जागा संपेल. तेवढ्यात पट्टीचा सगळा बायोडेटा बसवलेला असतो. पहिल्या भागात जेडेकला मान्य असलेले वेग. जेडेक ही १९५८ साली अमेरिकेत स्थापन झालेली, चिपांची प्रमाणं ठरवणारी संस्था. डीडीआर४ला तिने १.२ व्होल्ट नेमून दिले आहेत. दुसऱ्या भागात कंपनीचं स्वतःचं म्हणणं : १.३५ व्होल्ट द्या, आमची पट्टी ३२००वर पळेल, वर चटाचट उत्तरंही देईल. या दुसऱ्या भागाचं नाव एक्सएमपी. इंटेलने तो २००७ साली, डीडीआर३च्या जमान्यात आणला.

मदरबोर्ड जागा झाला की पहिला भाग वाचतो आणि फाइल मिटतो. पहिला भाग म्हणजे साक्षांकित प्रत, दुसरा म्हणजे अर्जदाराचं म्हणणं. ‘गिर्यारोहणाची आवड’ असं बायोडेटात सगळेच लिहितात. म्हणून रुजू झाल्याच्या दिवशी कुणी दोर बांधून कड्यावर नेत नाही. २१३३वर यंत्र हमखास सुरू होतं. बोर्डाची भूमिका तशी चुकीची नाही. चुकीची भूमिका कारकुनाची कधीच नसते.

खरी गंमत पुढे आहे. दुकानात साध्या, हिरव्या, अंगावर काही न घातलेल्या पट्ट्याही मिळतात. त्यांतल्या कित्येकींच्या पहिल्याच भागात ३२०० लिहिलेलं असतं, तेही १.२ व्होल्टवर. त्या बसवल्या आणि प्रोसेसर-बोर्डाची ना नसली, की मुकाट्याने ३२००वर चालू लागतात. अंगावर अॅल्युमिनियमचं चिलखत, डोक्यावर रंगीबेरंगी दिवे आणि खोक्यावर झेपावणारा प्राणी असलेल्या बाईसाहेब मात्र २१३३वर लोळत पडतात.

मग हिरवीच का घेऊ नये? कारण मोठ्या आकड्याच्या खाली बारीक टाइपात आणखी एक आकडा असतो : सीएल. मागणी नोंदवल्यापासून पहिलं उत्तर यायला घड्याळाचे किती ठोके जातात, ते तो सांगतो. हिशेब घरी करता येतो. सीएलला २०००ने गुणा, रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत. हिरवी पट्टी, ३२००, सीएल२२ : १३.७५. चिलखतवाली, ३२००, सीएल१६ : १०. तीच चिलखतवाली अर्जाविना २१३३वर, सीएल१५ला : १४.०६. म्हणजे न मागता बसलेली महागडी पट्टी हिरव्या पट्टीच्याही मागे.

दिवे मात्र चालू.

*

भाचा खाली क्रिकेटला गेल्यावर मी स्वतः खातरजमा करायला बसलो. सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवलं. मेमरीच्या पानावर आकडा होता १०६६.

सकाळी ३२००, दुपारी २१३३, आता १०६६. रात्रीपर्यंत पट्टीच माझ्याकडे पैसे मागायला लागेल!

पण हा घोटाळा नव्हता. डीडीआरमधला पहिला डी डबलचा. घड्याळाच्या एका ठोक्यात माहितीच्या दोन खेपा होतात, ठोका चढताना एक आणि उतरताना एक. एसटी साताऱ्याला भरून जाते आणि भरून परत येते. फेरी एक, खेपा दोन. घड्याळ १०६६चं, खेपा २१३३. ३२००च्या रॅमचं घड्याळ १६००चं. तेव्हा पडद्यावर १६०० दिसलं म्हणून दुकानदाराची कॉलर धरायला निघू नका. आधी दुप्पट करा, मग धरायची का ते ठरवा.

खोक्यावर ३२०० ‘मेगाहर्ट्झ’ छापणं मुळात चूकच आहे. बरोबर शब्द मेगाट्रान्सफर. पण तो वाचला की आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या बदल्या आठवतात, आणि त्यांना वेगाशी कुणी जोडत नाही.

*

अर्ज बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, करायचा असतो. तिथलं दार कॉम्प्युटर सुरू होताना क्षणभर उघडतं. तेवढ्यात डिलीट किंवा एफ२ दाबायचं. माझा मॉनिटर उठून डोळे चोळेपर्यंत दार बंद झालेलं असे. सातव्या खेपेला विंडोजलाच शरण गेलो : शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. साहेबांच्या केबिनला मागूनही जिना आहे, हे शिपायाने कानात सांगावं तसा हा रस्ता.

आत शिरलो, तर एक्सएमपी नावाचं काही नाहीच.

कारण एक्सएमपी हे इंटेलचं नाव. इतरांच्या बोर्डांवर तीच सोय कुठे डीओसीपी, कुठे ए-एक्सएमपी अशी टोपणनावाने राहते. आणि डीडीआर५ आल्यावर एएमडीने २०२२ साली स्वतःचं एक्स्पो काढलं. प्रत्येकाचा आदेश एकच : फाइलचं दुसरं पान वाच. माझं यंत्र जिथून आलं, त्या रस्त्याचंही असंच आहे. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला तसं सांगून पाहा. तो आरशातून तुमच्याकडे बघेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली मुंबईची गव्हर्नरी सोडून गेले. त्यांचा रोड अजून गेलेला नाही.

तीन पानं पालथी घातल्यावर टोपणनाव सापडलं. समोर ‘डिसेबल्ड’ होतं, ते ‘प्रोफाइल १’ केलं, एफ१० दाबून जतन केलं आणि हात जोडले.

पडदा काळा. पंखे फिरले, थांबले. फिरले, थांबले. तिसऱ्यांदा फिरले आणि यंत्र सुरू झालं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती, तिचा भावार्थ : जमलं नाही, सेटिंग तपासा. वेग २१३३.

प्रस्ताव त्रुटींसह परत.

*

त्रुटी क्रमांक १ : जागा चुकीची.

भाच्याने कॅबिनेट उघडलं. बोर्डावर स्लॉट चार, पट्ट्या दोन आणि दोघी शेजारीशेजारी, पहिल्या-दुसऱ्या स्लॉटात गप्पा मारत बसलेल्या. चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर पहिले दोन स्लॉट एका चॅनेलचे असतात आणि पुढचे दोन दुसऱ्या. म्हणजे खिडक्या दोन उघड्या, पण रांग एकाच खिडकीपुढे. दोनच पट्ट्या असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवायच्या. शेजारी बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ लिहिलेलंही असतं.

पहिला आणि तिसरा का नको? कारण बहुतेक बोर्डांवर तार पहिल्या स्लॉटावरून पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. पहिल्यात पट्टी बसवून दुसरा मोकळा सोडला, तर लोंबत्या टोकावर आपटून संकेत माघारी येतो, विहिरीत मारलेल्या हाकेसारखा. सावकाश बोललं तर निभावतं. ३२००च्या झपाट्याने बोलू लागलं, की स्वतःचीच मागची हाक पुढच्या शब्दावर येऊन आदळते.

दुकानात पुन्हा विचारलं, पट्ट्या अशा का लावल्या? “दिसायला बरं दिसतं, सर. लाइट एका जागी येते.”

आता हिशेब बघा. एका चॅनेलवर २१३३ म्हणजे सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइट. दोन चॅनेलवर ३२०० म्हणजे ५१.२. कागदावर बरोब्बर तिप्पट. म्हणजे तीन किलोच्या पैशांत मी दोन किलो डाळ खात होतो, हाही माझा गोड गैरसमजच निघाला. एकच किलो खात होतो. सीपीयू-झेडच्या १०६६चा अर्थ मी चुकीचा लावला होता, पण उत्तर बरोबर आलं होतं. गणिताच्या पेपरात हे मला शाळेपासून जमत आलंय.

त्रुटी क्रमांक २ : नियमावली जुनी.

बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवशीचाच बायोस त्यात होता. नवे बायोस येतात तेव्हा त्यांत बऱ्याचदा रॅमशी जुळवून घेण्याच्या दुरुस्त्या असतात. पेनड्राइव्हवर नवा बायोस घेतला आणि घरात जाहीर केलं, की पुढली दहा मिनिटं गीझर, इस्त्री, मिक्सर काही लावायचं नाही. मध्येच वीज गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो. बायको म्हणाली, “आत्ता तो काय आहे?” मी उत्तर दिलं नाही. टक्केवारी पुढे सरकत होती.

त्रुटी क्रमांक ३ : संगत.

ही आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची. माझ्याकडे दुरुस्ती चालली आहे हे कळल्यावर तेही आपली तक्रार घेऊन आले. त्यांनी ३२००च्या जोडीत मागाहून २६६६ची एक पट्टी घातलेली. ट्रेकला गेलेल्या गटाचा वेग कोण ठरवतो? पुढे उड्या मारणारी पोरं ठरवत नाहीत. गुडघा धरून मागे बसलेले काका ठरवतात. रॅमचंही तसंच : सगळ्यांनी चालायचं ते सगळ्यात हळू असलेल्याच्या चालीने. पट्ट्या एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या असल्या तरी वेगवेगळ्या वेळी घेतल्या असतील, तर आतल्या चिपा निराळ्या असू शकतात. एका खोक्यातली जोडी कंपनीने एकत्र तपासलेली असते. बाजारात जमवलेली जोडी आपल्याला घरी तपासावी लागते.

काकांना, म्हणजे २६६६ला, काढून घेतलं. सेक्रेटरींचा वेग तरीही वाढला नाही.

त्रुटी क्रमांक ४ : वरिष्ठ कार्यालय.

रॅमचा कारभार पाहणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि प्रोसेसर व बोर्डावरचा चिपसेट मिळून कमाल मर्यादा ठरवतात. सेक्रेटरींकडे इंटेलचा दहाव्या पिढीचा कोअर आय५ आणि बी४६० चिपसेट. या जोडीला मर्यादा २६६६ची. त्यांनी अर्ज केला, कागद जोडले, रांगेत उभे राहिले आणि शेवटी कळलं, की योजना त्यांच्या वॉर्डात लागूच नाही. ३२००ची रॅम त्यांनी हौसेने घेतली होती. आता ते तिला ‘भविष्यासाठीची गुंतवणूक’ म्हणतात.

उलट्या टोकाचा नमुना भाच्याच्या मित्राचा. त्याच्याकडे एएमडीचा रायझेन ७००० मालिकेतला प्रोसेसर आणि डीडीआर५. दोन पट्ट्यांनी भागत असताना त्याने ६०००च्या चार घेतल्या, एकही स्लॉट उपाशी राहू नये म्हणून. एएमडीने या प्रोसेसरला अधिकृतपणे दोन पट्ट्यांवर ५२०० दिलेत आणि चार पट्ट्यांवर ३६००. दुप्पट पैसे टाकून त्याने वेग कमी करून घेतला. एका लोकलमध्ये जास्त माणसं चढली म्हणून ती लवकर पोहोचत नाही, हे कल्याणच्या मुलाला तरी सांगायची गरज पडू नये.

त्रुटी क्रमांक ५ : घाई.

ही खुद्द भाच्याची. तोही नव्या डीडीआर५वाला. त्याने पहिल्यांदा एक्स्पो चालू केलं, पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. डीडीआर५ची यंत्रं नवी सेटिंग लागली की रॅमसोबत आधी तालीम करतात. कुठला संकेत किती उशिरा, किती जोराने द्यायचा, याचं नेमकं माप शोधतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडद्यावर काहीच नसतं. मिनिटभरात आपलं यंत्र मेलं असं ठरवून पोराने बटण दाबलं. तालीम पहिल्यापासून. पुन्हा मिनिटभर, पुन्हा बटण. अकरा वेळा. माझी रॅम चार वर्षं चुकीची चालल्याचं निदान करणारा हा तज्ज्ञ त्या रात्री आईला म्हणाला होता, की बहुतेक लाखाचे बारा हजार झाले.

*

पट्ट्या दुसऱ्या-चौथ्या घरात हलवल्या, नवा बायोस टाकला, अर्ज पुन्हा भरला. पंखे एकदाच फिरले. पडद्यावर ३२००.

नसतं जमलं तर? मग प्रोफाइल तसंच ठेवून वेग तेवढा २९३३वर उतरवून पाहायचा. चाळीस लाखांच्या फ्लॅटला मालक अडतीसवर येतोच की. आणि पडदा काळाच राहिला, बायोसही दिसेना, तर बोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल. वीज बंद करून तो काढला आणि थोड्या वेळाने परत बसवला, की बोर्ड बहुधा सगळं विसरून साक्षांकित प्रतीवर परत येतो. ही सोय माणसांत असती, तर निम्मी लग्नं वाचली असती.

पण सुरू झालं म्हणजे टिकलं असं नाही. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस घेतलं आणि रात्रभर जागरण लावलं. हा कार्यक्रम रॅमच्या घराघरात काहीतरी ठेवतो, परत मागतो आणि ठेवलेलंच मिळालं का, ते पाहतो. इथे शंभरापैकी नव्व्याण्णव म्हणजे नापास. एक चूक निघाली तरी वेग खाली आणायचा. कारण चुकणारी रॅम ओरडत नाही. ती तुमच्या हिशेबाच्या फाइलमध्ये एक आकडा बदलते, फोटोच्या कोपऱ्यात हिरवी रेघ ओढते आणि तीन महिन्यांनी तुम्ही विंडोजला शिव्या घालता. हळू काम करणारा कारकून परवडतो. झपाट्याने चुकीचे सातबारे काढणारा परवडत नाही.

सकाळी निकाल लागला : चुका शून्य.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. फरक काय पडला?

माझ्या कामात काहीही नाही. हे सदर २१३३वर जेवढ्या वेळात लिहून होत असे, तेवढ्याच वेळात ३२००वर होतं. उशीर रॅममुळे होतो, ही माझी संपादकांना दिलेली सबब तेवढी गेली. ‘सदर दर बुधवारी दुपारी बाराला’ असं माझ्याही खोक्यावर छापलेलं आहे. भाच्याचा गेम मात्र, तो माझ्याच यंत्रावर येऊन खेळतो, आता नजरेला दिसेल इतका सुरळीत पळतो. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रं काढायलाही प्रोसेसर हीच रॅम वापरतो. तिथे एका खिडकीच्या दोन झाल्या, की रांग हलते. म्हणजे चार वर्षांचं नुकसान माझं नव्हतंच. भाच्याचं होतं, म्हणून तर त्याला कळलं.

*

दोन बारीक अटी राहिल्या.

पहिली वॉरंटीची. एएमडीच्या अटींत स्पष्ट लिहिलंय, की प्रोसेसर किंवा रॅम आम्ही जाहीर केलेल्या मर्यादेबाहेर चालवलीत तर आमची वॉरंटी संपली, मग ती सोय आम्हीच दिलेली का असेना. एक्स्पो काढलं त्यांनीच. ५२००ची अधिकृत मर्यादा त्यांचीच. ६०००च्या खोक्यावर एक्स्पोचा शिक्का त्यांचाच. पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढायची आणि उठताना सांगायचं, की पोट बिघडलं तर यजमान जबाबदार नाहीत.

दुसरी अट अमेरिकेत कोर्टातून निघाली. कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात २०२२ साली कोर्सेअर कंपनीवर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला : खोक्यावरचा वेग पट्टी लावल्या लावल्या मिळत नाही. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. आणि खोक्यावर काय बदल ठरला? आकड्यामागे ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द, आणि बायोसमध्ये बदल करावा लागेल अशी सूचना.

‘पर्यंत’! एवढा खटला लढून अमेरिकन ग्राहकाने जो शब्द मिळवला, तो आपल्याकडे प्रत्येक दिवाळीत फुकट वाटला जातो. ७० टक्क्यांपर्यंत सूट. १०० एमबीपीएसपर्यंत इंटरनेट. ‘पर्यंत’ लिहिलं की पुढचा आकडा हे वचन राहत नाही, कुंपण होतं. त्याच्या अलीकडे कुठेही उभे राहा, कंपनी खरं बोलली.

*

दोन महिने सुखाचे गेले. मग बोर्डाच्या कंपनीने सुरक्षेसाठी म्हणून आणखी एक बायोस आणला. शहाण्या नागरिकासारखा तो टाकला. काल सकाळी सहज तीन बटणं दाबली.

२१३३.

नवा बायोस आला की जुने अर्ज रद्द. माझी पट्टी तीच, बोर्ड तोच, स्लॉट दुसरा आणि चौथा, रात्रभराच्या जागरणाचा निकालही शून्य चुकांचा. पण ते सगळं मागच्या बायोसला ठाऊक होतं.

बाबा बाहेर पडायच्या तयारीत होते. नोव्हेंबर आहे, बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन थांबते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दरवर्षी स्वतः जाऊन सांगतो, की मी आहे. मागे एकदा मी त्यांना विचारलं होतं, “गेल्या वर्षी दिला होता ना?” ते म्हणाले होते, “ते गेल्या वर्षी.”

मी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि डिलीटवर बोट ठेवून बसलो.

“तुझं काय चाललंय?” चपला घालता घालता बाबांनी विचारलं.

“याचाही दाखला भरतोय.”

बाबांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “झेरॉक्स दोन काढून ठेव,” ते म्हणाले. “एक मागतात, पण दोन लागतात.”